रोजच्या आठ गुंजा

१० जानेवारी १९७३, बुधवार

मिलो या धान्याविरुद्ध मी आज रीतसर तक्रार नोंदवीत आहे. ही लाल ज्वारी अमेरिकेत जहाजात चढते, मुंबईला उतरते, रेल्वेने सोलापूर गाठते, तिथून ट्रकने लोहाऱ्याला येते. एवढी पृथ्वीप्रदक्षिणा करून जी माझ्या पोटात शिरते, ती तिथून पुढे हलायचं नाव घेत नाही. आज चौथा दिवस. त्रिफळा झाला, इसबगोल झाला, काल एरंडेलही झालं. जिथे गती आहे तिथे कधीतरी गंतव्य आहे, असं आम्हाला पाठशाळेत शिकवलं होतं. मिलोला हे शास्त्र मान्य नाही.

रुद्रम्मा टँकरच्या रांगेतून घागर घेऊन आली आणि माझं म्हणणं ऐकून म्हणाली, "समदं गाव मिलोच खातंय. तुमचंच पोट कसं अडतंय?"

गावाच्या पोटाला व्याकरण येत नाही, असं मी उत्तर दिलं. तिने घागर उतरवली आणि परत रांगेत गेली. बायकोशी वादात शेवटचा शब्द आपला राहिला तरी जिंकल्यासारखं का वाटत नाही, यावर एखाद्या भाष्यकाराने लिहायला हवं होतं.

दुपारी सोलापूरला पेपरकडे लेख पाठवला. विषय: साठेबाज. दुष्काळात धान्य दडवून ठेवणाऱ्याला समाजाने ओळखून उघडं पाडावं, असा सूर. बरा उतरला आहे.

संध्याकाळचं औषध घेतलं. माझ्या सरकारी कार्डावर 'अफू' असं लिहिलं आहे, कारण कारकुनाला 'अहिफेन' लिहिता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी एसटीच्या टपावरून ट्रंक उतरवताना पडलो, कंबर धरली, तेव्हा वैद्यांनी हे सुरू केलं. रोजच्या आठ गुंजा. अहिफेन हे औषध आहे, अफू हे व्यसन आहे. पिराजी धनगर खातो ती अफू.

११ जानेवारी, गुरुवार

बाजाराचा दिवस, म्हणजे दवाखान्यातून आठवड्याच्या पुड्या मिळण्याचा दिवस. गावात आणि आसपासच्या वाड्यांवर मिळून आम्ही नऊ कार्डवाले. आजवर कंपाउंडर खिडकीतून पुडी सरकवायचा आणि आपण अंगठा किंवा सही करायची. दिवाळीला नवे डॉक्टर आले आहेत, बिभीषण सरवदे, बेंबळीकडचे, वय तीसच्या आत. पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारलं होतं, बुद्धाच्या घरी रावणाचा भाऊ कसा नांदतो? ते म्हणाले, "नाव आजीनं ठेवलं, धर्म बापानं बदलला. मला दोघांनीही विचारलं नव्हतं, स्वामी." उत्तर चांगलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जपून असतो.

आज त्यांनी सगळ्यांना आत बोलावून व्हरांड्यातल्या बाकांवर बसवलं. मला मात्र त्यांच्या शेजारची खुर्ची. वार्ताहराला खुर्ची हा या जिल्ह्यातला अलिखित कायदा आहे. मग त्यांनी जिल्ह्याच्या कार्यालयाचं पत्र वाचून दाखवलं. अफूच्या कार्डधारकांची मात्रा दरमहा एक चतुर्थांश कमी करत न्यावी, 'मात्र रुग्णाच्या प्रकृतीनुसार'.

"आता ही प्रकृती कुणाला ठाऊक?" डॉक्टरांनी विचारलं. "मी तुम्हाला आठवड्यातून दहा मिनिटं बघतो. तुम्ही तिच्यासोबत राहता. तेव्हा किती कमी करायचं, कधी करायचं, सकाळची की सांजची, हे ज्याचं त्यानं सांगायचं. मी फक्त धोका असेल तर अडवीन. दुसऱ्यानं कुणी कुणाचा आकडा उतरवायचा नाही. नाही जमलं तर पुढच्या गुरुवारी येऊन सांगायचं. रागावणार कोणी नाही."

सरकारने विचारायचं आणि आपण सांगायचं, ही रीत कुणाच्याच अंगवळणी नव्हती. मग पिराजीने घोंगडी सावरली. "म्या मेंढरामागं हिंडतो. थंडीत कमी केलं तर हाडं बोलत्यात. शिमगा झाला की दोन गुंजा सोडतो. आत्ता एक बी न्हाय."

डॉक्टरांनी वहीत लिहिलं: शिमग्यानंतर दोन.

धुरपताबाई दुष्काळी कामावर खडी फोडते. साठीची असेल, हातावर दगडाच्या कपच्यांचे व्रण. ती म्हणाली, "माझ्या चार. सकाळच्या दोन लागत्यात, त्याबिगर हातोडा उचलत न्हाय. सांजच्या दोन निसती सवय हाय. त्यातली एक काढा." मग कंपाउंडर काही बोलायला गेला तर त्याला म्हणाली, "तू गप. कार्ड माझ्या नावाचं हाय."

सोनाराच्या तराजूत लाल गुंजा घालून पुड्या बांधायचं काम सुरू झालं. मी म्हणालो की साखरेची सोसायटी झाली, दुधाची झाली, आता ही अफूची सहकारी सोसायटी, चेअरमन धुरपताबाई. सगळे हसले. "मंग मीटिंगला भत्ता मिळंल का, सामी?" पिराजीने विचारलं.

मी खुर्चीत बसलो होतो, बाकावर नाही. त्यामुळे माझी पाळी आली नाही. छप्पन्न गुंजांची पुडी घेऊन घरी आलो.

१८ जानेवारी

धुरपताबाईने आज भर बैठकीत सांगितलं, "तीन दिस जमलं. चौथ्या दिशी खाल्ली." एवढं सहज, जसं काही दूध उतू गेलं. डॉक्टरांनी विचारलं, "मग कसं करायचं?" ती म्हणाली, "एक लई झाली. अर्धी काढा." त्यांनी लिहून घेतलं. संपलं.

मला हा प्रकार ढिला वाटतो. आमच्या पाठशाळेत शब्दाचं रूप चुकलं की छडी होती, म्हणून आजही झोपेत विचारलं तरी रूप चुकत नाही.

पोट अजून मिलोशी भांडत आहे. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "मिलो नाही ते, स्वामी. या नऊही जणांची हीच तक्रार आहे." तरुण आहेत. सगळ्यांना एका मापात मोजतात.

२५ जानेवारी

आज डॉक्टर माझ्याकडे वळले. "स्वामी, तुमचं?"

मी त्यांना समजावून सांगितलं. शास्त्रात वैद्य हा साक्षात नारायण मानला आहे. रोग्याने नारायणाला मात्रा सांगायची हे त्या नारायणालाही आवडणार नाही. तुम्ही शिकलेले, तुम्ही आकडा सांगा, मी निमूटपणे पाळीन. श्लोकाचे चार चरण म्हटलेही. व्हरांड्यातले लोक कीर्तन ऐकावं तसे ऐकत होते.

डॉक्टर म्हणाले, "मी सहा सांगितलं, तर तुम्ही सहा घ्याल?"

"अवश्य."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुमचा आकडा चुकला असं होईल," मी म्हणालो. विनोद होता. ते हसले नाहीत.

"म्हणून मी सांगत नाही," ते म्हणाले.

धुरपताबाई बाकावरून म्हणाली, "सामी, दुखनं तुमचं, आन् इचारताव दुसऱ्याला?" तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तिला खरंच कोडं पडलं होतं. त्यामुळे जास्त राग आला.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "घाई नाही. या आठवड्यात आठच राहू द्या. पुढच्या गुरुवारी बघू." म्हणजे पुढच्या गुरुवारी पुन्हा.

घरी आल्यावर रुद्रम्माने विचारलं, "काय ठरलं?" माझ्या कंबरेत आज खूपच कळ आहे असं तिला सांगितलं. पोथ्यांच्या फडताळात मागे पत्र्याचा एक डबा आहे. मागचे कंपाउंडर श्रद्धाळू गृहस्थ होते, त्यांच्या मुलींच्या पत्रिका मी जुळवून दिल्या आणि त्यांनी वेळोवेळी थोडं जास्तीचं औषध दिलं. पुराच्या वेळी सरकार ठेवतं तसा तो आणीबाणीचा साठा आहे. त्यातली एक गुंज घेतली.

२७ जानेवारी

डॉक्टरांच्या उपक्रमावर बातमी लिहिली. चांगल्या कामाला प्रसिद्धी द्यावी, ती आपली वृत्तीच आहे. रुग्ण स्वतः आपली मात्रा ठरवतात हा मुद्दा ठळक केला. मथळा: 'लोहाऱ्यात अफूची सहकारी सोसायटी: सभासदच ठरवतात कोटा'. चेअरमनचा विनोदही घातला. साडेतीनच्या गाडीला पाकीट दिलं आणि पुष्कळ दिवसांनी मन हलकं झालं.

२ फेब्रुवारी

छापून आलं. पहिल्या पानावर, उजवीकडे, चौकटीत. 'आमच्या लोहारा येथील वार्ताहराकडून'. एकही विशेषण कापलेलं नाही. काल गुरुवारी मला दवाखान्यात जाणं जमलं नव्हतं, कंपाउंडरकडून पुडी मागवून घेतली. डॉक्टरांना अंक पाठवला. उत्तर नाही. संकोची स्वभाव असावा.

८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी जिल्ह्याचं पत्र माझ्यासमोर ठेवलं. मी तीनदा वाचलं. त्यात विचारलं आहे की सदर सोसायटीचा नोंदणी क्रमांक काय, चेअरमन धुरपताबाई यांची निवड कोणत्या तारखेच्या सभेत झाली, भागधारक किती, आणि अफूसारख्या नियंत्रित पदार्थाची सहकारी संस्था काढण्यास परवानगी कोणी दिली. चौकशी होईपर्यंत वाटप बंद.

या जिल्ह्यात दोन माणसं झाडाखाली बसली तरी लोक विचारतात, संस्था कोणती? हे मला ठाऊक होतं. यावर मी पूर्वी लेखही लिहिला आहे.

"तो विनोद होता," मी म्हणालो.

"तुम्हाला आणि मला कळतो," डॉक्टर म्हणाले. "मी खुलासा पाठवलाय. चौकशीचे साहेब येतील तेव्हा येतील. तोवर तिजोरीला सील आहे." मग म्हणाले, "एकदम तोडल्यावर काय होतं, बघितलंय तुम्ही?"

बाकांवर आठ जण बसले होते. तेवढ्यात पिराजी म्हणाला, "सामींनी चांगल्यासाठीच लिवलं आसंल." तो चेष्टा करत असता तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

धुरपताबाई आज कामावर गेली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं, तिचा हात कापतोय. पिराजीची बातमी जास्त वाईट आहे. मेंढरं वाड्यातच आहेत, तो घोंगडीत गुंडाळून पडला आहे, नाक-डोळे गळतात, पोटात पाणी ठरत नाही, थंडीने हुडहुडतो आणि घामाने भिजतो. सत्तरीचा माणूस. डॉक्टर दिवसातून दोनदा जाऊन सलाईन लावतात.

मला असं काही झालेलं नाही. रुद्रम्माने आज दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हणालो, प्रत्येकाची प्रकृती वेगळी.

१३ फेब्रुवारी

हे लिहायचं नव्हतं. पण ही वही मी माझ्याशी खरं बोलायला ठेवली आहे, असं पहिल्या पानावर संस्कृतात लिहून बसलो आहे.

दुपारी डॉक्टर आले. पिराजीच्या नाडीची भीती वाटते, म्हणाले. उमरग्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर जीपच्या हादऱ्यांनी वाटेतच काही होईल. काही मागितलं नाही. बहुधा नुसते टेकायला आले होते, डोळे लाल होते. मी दुष्काळावर बोलत राहिलो. टँकर, मजुरांना वाटायची सुकडी, गुरांच्या छावण्या.

रुद्रम्मा आतून आली आणि तिने तो डबा आणून डॉक्टरांसमोर ठेवला. पोथ्यांची धूळ आणि त्यात माझ्या बोटांचे ठसे तसेच होते त्यावर. अकरा वर्षं मी समजत होतो की बायकांनी पोथ्यांना हात लावू नये ही रूढी निदान आमच्या घरात पाळली जाते.

"घिऊन जावा," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला द्या."

मला वाटलं, सुटलो. ठरवायचा प्रश्न उरला नाही. पण डॉक्टरांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"स्वामी, हे तुमचं आहे. मी असं न्यायला नको, कायद्यानं तर नकोच, नोकरी जाईल माझी. पण तुम्ही द्या म्हणालात तर नेतो. न सांगता नेणार नाही."

"अहो, ती देतीय की," मी म्हणालो.

"त्यांचं नाही ते."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. रुद्रम्मा घागर उचलून गेली नाही, दारातच उभी राहिली. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. पिराजी तिकडे घोंगडीत होता आणि हे गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. त्यांनी डबा हिसकावला असता तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो, आणि जन्मभर त्यांच्याविरुद्ध लिहिलं असतं.

मी म्हणालो, "न्या." आणि मग डबा उघडून अर्धं औषध कागदावर काढून घेतलं आणि डबा दिला.

अर्धं का, ते डॉक्टरांनी विचारलं नाही. रुद्रम्मानेही नाही.

१६ फेब्रुवारी

पिराजी उठून बसला. ताक प्याला म्हणे. बाकीच्यांनाही डॉक्टरांनी थोडं थोडं दिलं, वहीत नोंद न करता. धुरपताबाईने मात्र घेतलं नाही. म्हणाली, चार दिस काढलेत, आता कशाला. हातोडा दोन्ही हातांनी धरून कामावर गेली.

औषध कुठून आलं, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत आहे असा मला संशय आहे.

माझ्या कागदातलं मी मोजून खातो आहे. रोजच्या आठच.

२१ फेब्रुवारी, बुधवार

साहेब आले. जाडजूड, घाम पुसणारे, वाईट नसलेले. व्हरांड्यात टेबल लावलं. मी नेहमीच्या खुर्चीत. डॉक्टरांनी माझी ओळख 'लोहाऱ्याचे वार्ताहर' अशी करून दिली, ते खरंच होतं.

साहेबांनी आधी मला झापलं, तेही हसत. सोसायटी वगैरे काही नाही, लेखनातली गंमत होती, असं मी सांगितलं आणि लिहूनही दिलं, खाली सही 'वार्ताहर, लोहारा' एवढीच. मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. "आपला डोस तुम्ही ठरवता? मग उद्या म्हणाल वाढवा."

धुरपताबाई उभी राहिली. "म्हनायला कोन कुनाचं तोंड धरलंय, साहेब. पर समद्यांच्या समोर म्हनावं लागतंय. तुमी कापलं आसतं तर म्या चोरून आनलं आसतं आन् तुमालाच शिव्या दिल्या आसत्या. म्या सोताच कापलं, तर कुनाला देऊ?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं, त्याच वाक्यावर डॉक्टरांची नोकरी वाचली.

मग साहेबांनी कार्डांची यादी उघडली आणि नावं पुकारली. पिराजी, हजर. धुरपताबाई, हजर. असे आठ. "एम. जी. स्वामी?"

मी माझ्या वहीत काहीतरी लिहीत होतो. काय लिहीत होतो ते आत्ता पाहिलं. काही नाही, रेघा आहेत.

"स्वामी कोण? आले नाहीत?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सांगितलं नाही. तो माणूस कधीच दुसऱ्याचं सांगत नाही. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "आज आलेले दिसत नाहीत."

एका क्षणाने धुरपताबाई म्हणाली, "त्यांची पाठ धरलीया, साहेब. लई दुखतीया."

"व्हय," पिराजी म्हणाला. "उठवतच न्हाय त्यान्ला."

साहेबांनी 'गैरहजर' लिहिलं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पाठीची त्या आठ जणांना एवढी काळजी वाटलेली मी पाहिली. चहा आला. मी घेतला.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आदेश आला. गुरुवारपासून वाटप सुरू. डॉक्टरांची पद्धत 'चौकशीस उपस्थित आठ रुग्णांपुरती' चालू ठेवण्यास हरकत नाही. गैरहजर रुग्ण एम. जी. स्वामी यांची मात्रा कार्यालय निश्चित करेल: मार्चपासून निम्मी, मेपासून शून्य. ठरवणाऱ्याने ठरवावं, असं मी म्हणालो होतो. ठरवलं.

डॉक्टर म्हणाले, "नववं नाव अजून घालता येईल. हजर होतो, खोटं बोललो, असं तुम्ही लिहून द्या. माझा शेरा जोडतो. गुरुवारी पत्र जाईल. मात्र मग बाकावर बसायचं, स्वामी."

तसं लिहून दिलं तर कार्यालयाला कळेल, कार्यालयाला कळलं की पेपरला कळेल. रुद्रम्माला हे सांगितलं. म्हणाली, "पेपर गेला तर जाऊ द्या. लोकांचे अर्ज लिवून द्या. तुमी घरी आसताव पर नसताव, ते तरी थांबंल." आणि पीठ चाळत राहिली.

तिला म्हणालो, लाज वाटते. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. सरकारने निम्मी केली तर मी सरकारला नावं ठेवीन आणि उरलेलं कुठून तरी मिळवीन. त्या वाटेवर मला अंधारातही चालता येतं. बाकावर बसलो तर धुरपताबाई विचारील, सामी, किती? मी म्हणेन, सहा. कोणी हसणार नाही, आणखी कमी करा म्हणणार नाही, वहीत सहा लिहिलं जाईल. कागदातलं औषध परवा संपेल, आणि हे लिहितानाही मी उरलेल्या दोन गुंजा कुठून आणायच्या ते योजतो आहे.

कंबरेचं दुखणं, पेपर, गावाची लाज, हे सगळं मी बाजूला ठेवून पाहिलं. मला भीती एकाच गोष्टीची वाटते. गुरुवारी मी आकडा सांगेन, आणि तो पाळणारा माणूस माझ्यात उरला आहे की नाही, हे मला ठाऊक नाही.